होणार सर

मी मुजावर सरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते जिन्याखालच्या फळ्यावरची तारीख पुसत होते. फडकं सापडलं नसावं, म्हणून खिशातल्या रुमालाने. पुसून झाल्यावर त्यांनी रुमालाची नीट घडी केली, खिशात ठेवली, खडू उचलला आणि काय लिहावं ते न सुचून माझ्याकडे वळले. मी त्या दिवशी नोकरीवर रुजू व्हायला आलो होतो. प्राचार्यांची खोली कुठे आहे, हे विचारायला थांबलो होतो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनीच विचारलं, "तुम्हाला कुठला वार सोयीचा पडेल?"

कशासाठी, ते मला कळलं नाही. मी आपला गुरुवार म्हणालो. त्यांनी फळ्यावर गुरुवार लिहिलं आणि मग मला प्राचार्यांच्या खोलीपर्यंत सोडायला स्वतः आले. वाटेत सांगितलं की, गुरुवारी नव्या प्राध्यापकांच्या स्वागताचा कार्यक्रम आहे. त्या वर्षी नवा प्राध्यापक मी एकटाच होतो. ते स्वागत पुढे कधी झालं नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. कोल्हापुरातलं आमचं कला महाविद्यालय तसं लहानच. इमारत जुनी, मुलं बरीचशी आसपासच्या गावांतली, एसटीने येणारी. मी स्वतः उचगावहून सायकलने यायचो. इस्माईल मुजावर सर तर्कशास्त्र शिकवत, आणि सांस्कृतिक विभाग त्यांच्याकडे होता. पहिल्याच आठवड्यात प्राचार्यांनी मला त्यांचा सहायक नेमलं. "तुम्ही तरुण आहात, तुमच्या हातून काहीतरी होईल," असं ते म्हणाले. त्या बोलण्यातली निराशा मला नंतर समजली.

जिन्याखालच्या त्या फळ्यावर वरच्या बाजूला 'आगामी कार्यक्रम' ही अक्षरं रंगाने रंगवलेली होती. बाकी सगळं खडूने. काव्यवाचन, नाट्यवाचन, रांगोळी प्रदर्शन, पन्हाळ्याची सहल, कुणाकुणाची व्याख्यानं. सर ते सुंदर अक्षरात लिहीत आणि तारीख घातल्याशिवाय कधी लिहीत नसत. पण घातलेली तारीख टिकत नसे. कुणीही विचारलं, "सर, काव्यवाचन होणार का?" की ते ठामपणे म्हणत, "होणार. होणार म्हणजे होणार." मुलांनी त्यांचं नाव होणार सर ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते आवडायचं, असं मला वाटतं.

गोंधळात टाकणारी गोष्ट अशी, की वर्गात हा माणूस अगदी वेगळा असायचा. एका विधानातून दुसरं कसं निघतं, कुठे निघत नाही, हे ते इतकं स्वच्छ शिकवायचे की मागच्या बाकावरची मुलंही वही काढत. मी एकदा दारात उभा राहून ऐकलं आणि विचारात पडलो. ज्याच्या तासाला सगळं असं ओळीने येतं, त्याच्या कार्यक्रमात एकातून दुसरं का निघत नाही? मी हे त्यांना आडून विचारलं, तर म्हणाले, "चव्हाण, तर्कशास्त्रात माणसं नसतात."

कार्यक्रमाच्या दिवशी ते काळा कोट घालत. कधीकधी ते कोट घालून यायचे आणि कार्यक्रमच नसायचा. मग आम्ही ओळखायचो की, तारीख बदलल्याचं त्यांनाच कुणी सांगितलेलं नाही. मी चिडलो की ते मला चहाला नेत आणि समजावत, "तारखेचं काय घेऊन बसलाय? आधी कार्यक्रम मनात ठरला पाहिजे." आणि एकदा अगदी गंभीरपणे म्हणाले, "झालेला कार्यक्रम संपतो हो. न झालेल्याची निदान वाट तरी बघता येते."

एकदा त्यांनी लोककलेचा कार्यक्रम ठरवला. गोंधळी बोलावले. फळ्यावर लिहिलं, 'शनिवारी दुपारी महाविद्यालयात गोंधळ होणार. सर्वांनी सहभागी व्हावे.' ते दिवस मुलांच्या मोर्चांचे होते. कुणीतरी ते वाचून पोलीस चौकीत कळवलं. शनिवारी दुपारी दोन हवालदार काठ्या घेऊन दारात येऊन बसले. त्यांना पाहून मुलं जमली. प्राचार्य धावत खाली आले. मी हवालदारांना संबळ आणि तुणतुण्याचा अर्थ समजावून सांगत होतो, आणि तेही ऐकून घेत होते, पण गोंधळी काही येईनात. सरांनी त्यांना पुढच्या शनिवारी बोलावलं होतं. शेवटी सरांनी त्या हवालदारांनाच चहा दिला. त्यांतला एक गडी बरा गात होता. त्याने दोन पोवाड्यांचे तुकडे म्हटले. मुलं खूश होऊन घरी गेली. सर मला म्हणाले, "बघा, झाला की कार्यक्रम."

हे सगळं हसण्यावारी जात होतं. पण दुसऱ्या वर्षी सुलोचनाचं प्रकरण झालं, आणि तेव्हापासून माझ्या मनात या माणसाविषयी जो घोळ झाला तो झालाच.

सुलोचना नांदवडेकर बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती. गाव नेसरी. घरी शेती. इथे उचगावला मावशीकडे राहायची. मावशीचे यजमान उद्यमनगरात फौंड्रीत कामाला होते. आमच्याच गल्लीच्या टोकाला घर, त्यामुळे मी तिला ओळखत होतो. बोलायला धीट, अभ्यासात पुढे. दिवाळीची सुट्टी संपली आणि काही दिवसांनी तिचे वडील कॉलेजात आले. डोक्याला पटका, पांढरा सदरा, हातात शेंगांची पिशवी. ती त्यांना आप्पा म्हणायची, म्हणून पुढे आम्हीही आप्पाच म्हणू लागलो. मुलीला न्यायला आलो आहे, असं त्यांनी सांगितलं. वारणानगरला कारखान्यात नोकरीला असलेलं स्थळ आलं होतं. मुलाकडच्यांना माघात लग्न हवं होतं आणि त्याआधी मुलगी घरी आणून ठेवा, पुढचं शिक्षण काही करू नका, असा त्यांचा निरोप होता. आप्पांनी शब्द दिला होता.

शिक्षकांच्या खोलीत तेव्हा सर आणि मी दोघेच होतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "न्या की. पोरगी तुमची आहे." हे मला स्पष्ट आठवतं, कारण मला ते आवडलं नव्हतं. परीक्षा चार-पाच महिन्यांवर आलेली, आणि हा माणूस एका शब्दाने अडवत नाही. मग सर म्हणाले, "फक्त तेवढा वादविवाद होऊ द्या. तिचं नाव लागलंय." आणि त्यांनी आप्पांना जिन्याखाली नेऊन फळा दाखवला. फळ्यावर खरोखरच लिहिलेलं होतं. आंतरमहाविद्यालयीन वादविवाद, पुढचा बुधवार, आणि खाली पहिलं नाव सुलोचनाचं. मी या विभागाचा सहायक, आणि हा वादविवाद मी त्या क्षणी पहिल्यांदा ऐकत होतो.

आप्पा फळ्याकडे बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "नाव लागलंय म्हंजे ऱ्हाऊ दे तेवढं. मागनं कोन तरी म्हनंल, नाव दिऊन पळाली. कार्यक्रम झाला की न्हेतो."

बुधवारी आप्पा पहाटेची एसटी धरून आले आणि पहिल्या रांगेत बसले. कार्यक्रम झाला नाही. परीक्षकांना कळवायचं राहिलं होतं. पुढची तारीख पडली. त्या दिवशी सभागृह दुसऱ्या कामाला दिलेलं निघालं. त्यापुढच्या वेळी सरांनी फळ्यावर जी तारीख लिहिली आणि जो वार लिहिला त्यांचा मेळच नव्हता. निम्मी मुलं मंगळवारी आली, निम्मी बुधवारी. प्रत्येक वेळी आप्पा येत. प्रत्येक वेळी त्यांना जाऊन सांगण्याचं काम माझ्याकडे असे. ते शांतपणे विचारत, "मग आता कवा?" मी सरांनी दिलेली नवी तारीख सांगे. ते आणलेली रताळी नाहीतर शेंगा सरांच्या टेबलावर ठेवत, मुलीला भेटत आणि परतीच्या गाडीला जात. ते कधी चिडले नाहीत, याचंही मला नवल वाटायचं. एकदाच म्हणाले, "पावणं, तुमच्यात असंच असतंय व्हय?"

बाहेरच्या महाविद्यालयांतून विचारणा होऊ लागली. लोक सरांना काही बोलत नसत, मला बोलत. शेवटी प्राचार्यांनी आम्हा दोघांना बोलावलं आणि संक्रांतीनंतरचा एक दिवस स्वतःच ठरवून टाकला. तारीख बदलणार नाही, असं त्यांनी दोनदा बजावलं. मला हायसं वाटलं. सर "छान झालं" म्हणाले, पण खोलीतून बाहेर आल्यावर खिडकीला टेकून उभे राहिले. मी विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, "नाही, तसं काही नाही. फार लवकर येतेय ना तारीख." नोव्हेंबरातला कार्यक्रम जानेवारीत होतोय, आणि या माणसाला तो लवकर वाटतोय. मी कपाळाला हात लावला.

ठरल्या दिवशी कार्यक्रम झाला. विषय होता, यंत्रांमुळे माणूस सुखी झाला आहे. बाहेरची मुलं मोठमोठे शब्द वापरून बोलली. सुलोचना विषयाच्या बाजूने बोलायला उभी राहिली. तिने सुरुवातच घरापासून केली.

"आमच्या गावात पिठाची गिरणी येईपर्यंत मी माझ्या आईला झोपलेली पाहिली नव्हती. मी उठायच्या आधी ती जात्यावर असायची. गिरणी आली, त्यानंतर एका सकाळी मी उठले तर आई अंथरुणातच. मला वाटलं, ती आजारी आहे. मी घाबरून आप्पांना हाक मारली. आप्पा म्हणाले, गप. झोपू दे तिला."

मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. आप्पा दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून खाली बघत होते. आपण घरात कधीतरी बोललेलं वाक्य इतक्या लोकांसमोर परत ऐकायला मिळेल, असं त्यांना कशाला वाटलं असेल. ती पुढेही चांगलं बोलली, पण मला तेवढंच आठवतं.

भाषणं संपली. परीक्षकांनी निकालाचा कागद सरांच्या हातात दिला. काळा कोट घातलेले सर व्यासपीठाच्या पुढे आले, कागद न उघडता त्यांनी तो खिशात ठेवला आणि जाहीर केलं, की ही प्राथमिक फेरी होती. अंतिम फेरी मार्चमध्ये होणार असून आजचे सर्व स्पर्धक त्यासाठी निवडले गेले आहेत. परीक्षक एकमेकांकडे बघू लागले. प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले आणि पाहुण्यांकडे बघून पुन्हा बसले. प्राथमिक फेरी वगैरे मी कधी ऐकलं नव्हतं. माझ्या हातात बक्षिसाचे कप होते. ते घेऊन मी तसाच उभा.

आप्पा उठून व्यासपीठापाशी आले. मला वाटलं, आता हा माणूस ओरडणार, आणि त्याने ओरडावंच. त्यांनी सरांकडे वर बघत विचारलं, "सर, झाला का न्हाई मग कार्यक्रम?"

"अर्धा झाला," सर म्हणाले.

आप्पांनी डोक्यावरचा पटका सारखा केला. मग म्हणाले, "परीक्षा कवा हाय तेवढं सांगा. ती तरी ठरल्या तारखेला व्हती का?"

"ती विद्यापीठ घेतं. ती माझ्या हातात नाही."

"मग ती झाल्यावरच येतो," आप्पा म्हणाले. मुलीजवळ गेले, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि एसटी स्टँडकडे निघाले.

दुसऱ्या दिवशी मी सरांना गाठलं. आता माझ्या डोक्यात थोडा उजेड पडला होता. मी विचारलं, हे सगळं तुम्ही मुद्दाम केलंत ना? मुलीची परीक्षा व्हावी म्हणून? त्यांनी माझ्याकडे असं काही पाहिलं की मला माझीच शंका आली. "मुद्दाम कशाला? अंतिम फेरी आहे, चव्हाण. मी महाविद्यालयांना कळवलंय." आणि खरंच त्यांनी कळवलं होतं. मार्चमधल्या एका रविवारी बाहेरगावचे दोन विद्यार्थी बंद कॉलेजाच्या दारात येऊन उभे राहिले. सर त्यांना आपल्या घरी घेऊन गेले. सोप्यात दोघांना समोरासमोर उभं करून त्यांनी वादविवाद घेतला. परीक्षक म्हणून त्यांच्या पत्नी, आम्ही ज्यांना भाभी म्हणायचो त्या. भाभींनी कमी बोलणाऱ्याला बक्षीस दिलं. आता जो माणूस नुसती सबब सांगत असेल तो पाहुणे बोलावतो का? आणि जो खरंच कार्यक्रम घेत असेल, तो बंद कॉलेजात बोलावतो का? मला काही उलगडा होईना.

प्राचार्यांनी मात्र उलगड्याची वाट पाहिली नाही. वर्ष संपायच्या आत सांस्कृतिक विभाग सरांकडून काढून माझ्याकडे दिला. सरांनी खडूंची पेटी माझ्या टेबलावर आणून ठेवली आणि हसून म्हणाले, "आता कार्यक्रम होतील." कार्यक्रम झालेही, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी. सर प्रत्येक कार्यक्रमाला मागच्या रांगेत येऊन बसत. त्यांना विभाग गेल्याचं वाईट वाटलं का, हे मी ओळखू शकलो नाही. काळा कोट मात्र त्यांनी पुन्हा घातला नाही.

सुलोचना दुसऱ्या वर्गात पास झाली. वारणानगरच्या मंडळींनी वाट पाहिली नव्हती. पेढे द्यायला ती आमच्या घरी आली तेव्हा मी तिला त्या वादविवादाबद्दल विचारलं. ती म्हणाली, दिवाळीच्या सुट्टीवर जाण्याआधी ती सरांकडे रडत गेली होती. वडील न्यायला येतील, मला जाऊ देऊ नका, असं म्हणाली होती. सरांनी तिला सांगितलं होतं, नाही नेणार. म्हणजे मुलीला ते 'नाही नेणार' म्हणाले, आणि बापाला 'न्या की' म्हणाले. माझा गुंता आणखीच वाढला.

तो थोडासा सुटला भाभींमुळे. त्याला मध्ये बरीच वर्षं गेली. सर निवृत्त झाले, दम्याने अंथरुणाला खिळले. मी अधूनमधून जायचो. एकदा ते झोपले होते आणि भाभी माझ्याशी बोलत बसल्या होत्या. मी तो जुना विषय काढला. त्या म्हणाल्या, "यांनी मुद्दाम काही केलं नाही बघा. यांना कुणाला नाही म्हणताच येत नाही. पोरगी रडत आली, तिला हो म्हणाले. बाप आला, त्याला हो म्हणाले. मग बसले तारखा पुसत. आमच्या लग्नाची तारीख पण अशीच पुढं गेलती. माझ्या वडलांना बी हो, आपल्या आईला बी हो." हे बोलताना त्या हसत होत्या. नंतर झोपलेल्या सरांच्या अंगावरचं पांघरूण त्यांनी सारखं केलं.

त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत. ते गेल्याचं मी सुलोचनाच्या शाळेत फोन करून कळवलं. ती तेव्हा गडहिंग्लजला शिक्षिका होती. शाळेच्या परीक्षा चालू होत्या, ती दुसऱ्या दिवशी येणार होती. पण आप्पा त्याच दिवशी आले. कब्रस्तानात मी डोक्याला रुमाल बांधून उभा होतो, तर गर्दीच्या कडेला त्यांचा पटका दिसला. थकले होते, काठी आली होती. माती द्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी आधी बाकीच्यांचं पाहिलं, मग पुढे होऊन खाली वाकले आणि तशीच मूठ भरून टाकली. सरांच्या नात्यातल्या एका तरुणाने त्यांना विचारलं, तुम्ही कोण त्यांचे? आप्पा म्हणाले, "पोरीचं सर हुतं."

मी त्यांना एसटी स्टँडपर्यंत सोडायला गेलो. गाडीला वेळ होता, म्हणून चहा घेतला. मी म्हणालो, "आप्पा, राग मानू नका. पण त्या वर्षी सरांनी तुम्हाला किती हेलपाटे घालायला लावले. तुम्हाला कळलं होतं का, की ते मुद्दाम करतायत?"

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "ते मुद्दाम करत हुते का न्हाई, मला काय म्हाईत," ते म्हणाले. "पर घरातनं निघताना माझ्या मनात हेच असायचं, की आज बी कार्यक्रम व्हऊ नये. पावण्यांना शबुद दिलता. माझा मीच कसा मोडू? कुनीतरी अडवाय पायजे हुतं. तुम्ही येऊन सांगायचा, पुढं गेला म्हनून. मी बसायचो गाडीत, आन् मग कुठं जिवाला बरं वाटायचं."

गाडी लागली. मी त्यांना हात देऊन वर चढवलं. खिडकीशी बसल्यावर त्यांनी सावकाश जा म्हणून मला खूण केली, आणि गाडी गेली.

मी स्टँडवर तसाच उभा राहिलो. मुलीला तो वादविवाद नको होता. सरांना नको होता. बापालासुद्धा नको होता. त्या सबंध वर्षात तो कार्यक्रम व्हावा असं मनापासून वाटणारा माणूस मी एकटाच होतो.